करण्यात येत आहे

रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात निडी नावाचं गाव आहे आणि रोहा तालुक्यातही निडी आहे. म्हणून निडीतल्या जमिनीचा कुठलाही सरकारी कागद निघाला की त्यात तालुका, गट नंबर, हिस्सा, हेक्टर-आरमधलं क्षेत्र, आकार आणि खातेदारांची नावं नीट लिहावी लागतात. एक आकडा चुकला तर भलत्याच्याच नावावर बोजा चढतो. पण त्याच कागदातली क्रियापदं वाचून पाहा. ‘निर्णय घेण्यात आला आहे’, ‘अर्ज निकाली काढण्यात येत आहे’, ‘पुढील कार्यवाही करण्यात येईल’. जमीन कुणाची ते गुंठ्यापर्यंत कळतं. निर्णय कुणाचा ते कळत नाही. या दोन गोष्टी एकाच कागदावर शेजारी शेजारी नांदतात आणि आपण ते स्वाभाविक मानतो, हे मला खटकतं.

ही धाटणी बरीचशी इंग्रजी कचेरीतून आली. तिथे कर्ता गाळून लिहिणं हेच सभ्य आणि भारदस्त मानलं जाई. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झालं, त्याच वर्षी ६ जुलैला भाषा संचालनालय स्थापन झालं आणि पुढे १९६४चा राजभाषा अधिनियम आला. कारभार मराठीत आणायचा तर हाताशी इंग्रजी मसुदेच होते. ते मराठीत उतरवताना शब्द बदलले, वाक्याची ठेवण तीच राहिली. शाळेच्या व्याकरणातही ‘रावण रामाकडून मारला गेला’ या रचनेला नवीन कर्मणी म्हणतात आणि ती इंग्रजी वळणाची असल्याचं सांगतात. तरीही सगळा दोष इंग्रजीच्या माथी मारणं मला पटत नाही. मराठीला कर्मणी आणि भावे प्रयोग काही नवे नाहीत. मोरो केशव दामले यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त त्यांची सविस्तर चर्चा आहे. आपण रोज ‘उजाडलं’, ‘मळमळतंय’, ‘आज जेववत नाही’ असं बोलतो, तेव्हा कुणी काही लपवत नसतं. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या पत्रांत शेवटी येणारं ‘जाणिजे’ हे रूपही जुन्या कर्मणीच्या घराण्यातलंच. फरक इतकाच, की त्या पत्राच्या माथ्यावर लिहिणारा कोण आणि कुणाला लिहितोय हे आधीच स्पष्ट केलेलं असे. कर्ता कागदावर हजर होता, मग क्रियापद कसंही चालवा. माझा आक्षेप प्रयोगाला नाही, गायब झालेल्या नावाला आहे.

यावर पहिला प्रश्न विज्ञानाकडून येईल, आणि तो रास्त आहे. प्रयोगवहीत विद्यार्थी लिहितो, ‘मोरचुदाचे स्फटिक परीक्षानळीत घेतले, तापवले, निळा रंग जाऊन ते पांढरे पडले.’ कुणी तापवले हे तिथे नको, कारण कुणीही तापवले तरी पांढरेच पडतील. प्रयोगाची सारी प्रतिष्ठा त्यातच आहे. पाककृतीतलं ‘मीठ घालावे’ही त्याच न्यायाचं. पण वैज्ञानिकालाही जिथे स्वतःच्या मताची जबाबदारी घ्यायची असते तिथे तो पुढे येतो. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या रचनेवर ‘नेचर’मध्ये जेमतेम पानभराचं टिपण लिहिलं, त्याची सुरुवातच ‘आम्ही’ने आहे. रचना सुचवणारे आम्ही, चुकलो तर आम्हीच, हे त्यातून आपोआप येतं. म्हणजे कसोटी अशी : कर्ता कुणीही असला तरी गोष्ट तीच घडणार असेल तर तो खुशाल गाळा. कर्ता बदलल्याने निर्णय बदलू शकत असेल, तर त्याला गाळण्याचा अधिकार लिहिणाऱ्याला नाही.

जमिनीच्या बाबतीत ही कसोटी सर्वांत कडक लागते. १८९४च्या भूसंपादन कायद्याच्या चौथ्या कलमाचा आशय असा, की सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन लागणार आहे किंवा लागण्याचा संभव आहे असं शासनाला दिसून आलं, की अधिसूचना निघेल. शासनाचं नाव आहे, पण कुणी पाहिलं, कुणी ठरवलं? नुसतं ‘दिसून आलं’. पुढे सहाव्या कलमाखाली जाहीरनामा निघाला, की प्रयोजन सार्वजनिक असल्याचा तोच निर्णायक पुरावा. २०१३च्या नव्या कायद्याने संमती आणि सामाजिक परिणामांचं मूल्यमापन आणलं, ही मोठी सुधारणा. पण त्याच्या अकराव्या कलमाची सुरुवात अजून त्याच ‘दिसून येण्या’ने होते. पेणकरांना हे पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. तिथे महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमिनीचं संपादन निघालं तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांतल्या शेतकऱ्यांचा कौल २१ सप्टेंबर २००८ रोजी घेतला गेला. तुम्हाला मान्य आहे की नाही, असं त्यांना सरळ विचारलं गेलं. ‘दिसून आलं’च्या जागी त्या दिवशी ‘मला’ आलं. तो सेझ तिथे उभा राहिला नाही.

कचेरीतून उत्तर मिळेल, की अधिकारी व्यक्ती म्हणून लिहीतच नाही, पद लिहितं. आज एक तहसीलदार, उद्या दुसरे. मान्य. व्यक्तीचं नाव मी मागतच नाही. पद लिहा. फेरफाराची नोंद ‘प्रमाणित करण्यात येत आहे’ असं म्हणत असली तरी तिच्याखाली मंडळ अधिकाऱ्याची सही असते, कुणाच्या निर्णयाविरुद्ध अपील करायचं ते कळतं, म्हणून ती नोंद मला चालते. ‘वरिष्ठ स्तरावरून निर्णय घेण्यात आला आहे’ हे चालत नाही, कारण स्तराविरुद्ध अपील करता येत नाही. आणि ही अपेक्षा काही जगावेगळी नाही : २०१५चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी, अपिलीय प्राधिकारी आणि मुदत जाहीर करायला लावतोच. दाखल्यासाठी कर्ता सांगता येतो, तर जमिनीच्या पत्रात का येऊ नये? तेव्हा ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असं उत्तर हाती आलं तर ते फायलीला लावून गप्प बसू नका. त्याच आठवड्यात दोन ओळींचा अर्ज द्या : ही कार्यवाही कोणत्या पदावरचा अधिकारी करणार आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत? आणि त्या अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.