व्याह्यांच्या घरी पोट बिघडते तेव्हा

सुरतेला जाऊन आलेला माणूस लोचो आणि घारीच्या गोष्टी सांगतो. दिंडोलीचे नाव सहसा कुणी काढत नाही. उधन्याच्या पुढे, जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गालगतची ही वस्ती. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे यंत्रमाग आणि कापड रंगवण्याच्या गिरण्यांमागे याच मार्गाने आली आणि इथली झाली. त्यामुळे गुजरातेत असूनही गल्लीत अहिराणी ऐकू येते. घरात एक भाषा, बाजारात दुसरी. आपल्या बेळगाव-निपाणीच्या माणसाला याचे नवल वाटणार नाही.

माझ्या नणंदेची मुलगी या दिंडोलीत दिली आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तिच्या डोहाळजेवणाला आम्ही गेलो. बरोबर सासूबाई, वय बहात्तर. घरात कन्नड बोलणाऱ्या, मराठी चांगले समजणाऱ्या. अहिराणीपुढे मात्र त्यांनी हात टेकले. लांबचा रेल्वेप्रवास, वाटेत स्टेशनवरचे कापलेले कलिंगड, पोचल्यावर बाहेरून आणलेला बर्फ घातलेले सरबत आणि रात्री वांग्याची भाजी नि तुपातली बट्टी. खानदेशी आग्रह असा, की ताटावर आडवा हात धरला तरी वाढणारीचा हात खालून येतो. पहाटेपासून सासूबाईंना जुलाब सुरू झाले.

“यारिगू हेळब्याड,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. नातीचे सासर! आपले पोट बिघडले म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाला नाव ठेवल्यासारखे होईल, ही लाज. आणि पाणी प्यायले की जुलाब वाढतात या जुन्या समजुतीने पाणीही बंद. प्रवासात माणूस आजारी पडतो तो जंतूंनी. पण सलाईन लावायची पाळी येते ती बरेचदा या दोन गोष्टींनी, असे माझे मत झाले आहे.

विहीणबाईंना सांगावे लागलेच नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी ओळखले. “आजी, लाजायचं काय त्यात? नातीच्याच घरात आहात ना?” म्हणत त्यांनी डब्यातून ओआरएसचे पाकीट काढले. तोवर जावई खाली जाऊन तसेच काहीसे नाव छापलेला, फळाच्या चवीचा खोका घेऊन आला होता. विहीणबाईंनी तो बाजूला ठेवला. त्यांचे बरोबरच होते. अशा पेयात साखर जास्त असेल तर आतड्यात उलट पाणी ओढले जाते आणि जुलाब वाढू शकतात. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रमाणित सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली.

या साध्या पाकिटामागे मोठा इतिहास आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधील बनगावला सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी नातेवाइकांच्या हातूनच रोग्यांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. जुलाबातही ग्लुकोजबरोबर मीठ आणि त्यामागून पाणी आतड्यात शोषले जाते, एवढेच त्यामागचे मर्म.

माप मात्र चुकवू नये. मोठे पाकीट, सुमारे २१ ग्रॅमचे, पूर्ण एक लिटर पाण्यात. छोटे, ४ ग्रॅमच्या आसपासचे, २०० मिलीलिटरमध्ये. अर्धे पाकीट घालून उरलेले मुडपून ठेवायचे नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमचा-चमचा पाजावे. खाणेही बंद करू नये. तांदळाची पेज, आपली गंजी, हे त्यात उत्तम. लहान मुलांना डॉक्टर १० ते १४ दिवस झिंकही देतात.

‘पाणी बदलले’ म्हणून आपण जे म्हणतो ते अगदीच खोटे नाही. गाव बदलले की तिथले जंतू आपल्या पोटाला अनोळखी असतात. दिंडोली असो की दुबई, तपासायचे तेच. पाणी उकळी फुटून मिनिटभर उकळलेले किंवा सीलबंद बाटलीचे, बर्फ कुठल्या पाण्याचा, चटणी किती वेळची, फळ आपण सोललेले की दुसऱ्याने कापलेले. गरमागरम लोचो त्या मानाने निर्धास्त. त्यावरची कच्ची चटणी नव्हे. जेवणाआधी साबणाने हात धुवायला कुणाची ना नसते, पण गाडीत साबण कोण काढतो?

जुलाब थांबवायच्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. ताप किंवा शौचात रक्त असेल तर मोठ्यांनीही घेऊ नयेत. रक्त, मोठा ताप, सहा-आठ तास लघवी नाही, पोटात काहीच ठरत नाही, ग्लानी, यांपैकी काहीही दिसले की डॉक्टर गाठावा. सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या असल्यामुळे आम्ही सकाळीच फोनवर आमच्या डॉक्टरांना विचारून घेतले.

संध्याकाळी त्या उठून बसल्या आणि ओटीचे तबक स्वतः हातात घेतले. बट्टी पुन्हा आलीच. या वेळी विहीणबाईंनी ती स्वतःच बाजूला सारून भात-ताक वाढले. “मज्जिगे छलो ऐत,” सासूबाई म्हणाल्या. भाचीने भाषांतर करण्याआधीच विहीणबाईंनी दुसरी वाटी पुढे केली.