स्टेरिंग हलकं का, जड का

मराठीच्या तासाला ‘सुकाणू’ शब्द आला की मी जरा थांबते. हा मूळचा अरबी ‘सुक्कान’. खलाशांबरोबर किनाऱ्याला लागला आणि मराठी होऊन गेला. ‘संसाराचं सुकाणू’ म्हणताना आता त्याचं गाव कुणी विचारत नाही. गाडीच्या चाकाला मात्र आपण सुकाणू म्हणत नाही. आमचे अब्बा आणि त्यांच्याबरोबरचे सगळे ड्रायव्हर ‘स्टेरिंग’ म्हणायचे, म्हणून मीही इथे तेच म्हणते.

गेल्या वर्षी आमच्या घरात या स्टेरिंगवरून बरीच बोलाचाली झाली. अब्बांनी आयुष्यभर टाटाचा जुना ट्रक चालवला, नंतर घरची मारुती 800. दोन्हींना पॉवर स्टेरिंग नव्हतं. आता वय 71, साखर आहे आणि उजवा खांदा जखडलेला. चिपळूणच्या गल्लीत मारुती उभी-आडवी करताना त्यांचा चेहरा पिळवटायचा, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. भाईजान कुवेतहून फोनवर म्हणाला, “अब्बांची गाडी विका, चावी काढून घ्या.” गाडी विकली खरी, पण त्या जागी पॉवर स्टेरिंगची छोटी गाडी आली. अब्बांनी बाजारपुलापर्यंत एक फेरी मारली आणि म्हणाले, “हलकं आहे गो, पण मुकं आहे.”

हे ‘मुकं’ माझ्या डोक्यात राहिलं.

आधी जडपणाचं बघू. गाडी उभी असताना स्टेरिंग सर्वात जड लागतं, कारण टायरचा जमिनीला टेकलेला भाग जागच्या जागी घासत वळवावा लागतो. प्रत्येक टायरचा हा भाग जेमतेम तळहाताएवढा, पण वर इंजिनाचं वजन. गाडी जरा पुढे सरकली की टायर फिरता फिरता वळतं आणि जोर एकदम कमी लागतो. म्हणून जुने उस्ताद शिकवताना ओरडायचे, “उभ्या गाडीत स्टेरिंग मोडू नको!” ट्रकचं स्टेरिंग परातीएवढं मोठं असायचं ते त्याचसाठी. जितका घेर मोठा तितका हाताला फायदा.

वेगात सगळं उलटं होतं. 20 च्या वेगात स्टेरिंग थोडं हललं तर गाडी थोडी सरकते. तेवढंच स्टेरिंग 80 ला हललं तर बाजूला फेकणारा जोर ढोबळमानाने 16 पट होतो, कारण वेग चौपट झाला की हा जोर चौपटीच्या चौपट वाढतो. तिथे स्टेरिंग लोण्यासारखं फिरलं तर एक शिंक पुरेशी आहे. म्हणजे माणसाला बाजारात हलकं स्टेरिंग हवं आणि हायवेवर जड. एकाच गाडीत, एकाच दिवशी.

पॉवर स्टेरिंगचा जन्मही ट्रकच्याच त्रासातून झाला. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाचा इंजिनिअर पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. अवजड गाड्या वळवताना ड्रायव्हरची होणारी दमछाक त्याने पाहिली होती. 1926 मध्ये त्याने तेलाच्या दाबावर चालणारं स्टेरिंग गाडीत बसवून दाखवलं. विकायच्या मोटारीत ते यायला मात्र 1951 उजाडलं, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. त्यात एक गोची होती. तेलाचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन जोरात तर पंपही जोरात. म्हणजे मदत जिथे हवी, त्या पार्किंगमध्ये इंजिन मंद, आणि जिथे नको तिथे पंप भन्नाट. मग झडपा घालून तेल वळवणं, वेग वाढला की दाब कमी करणं असे उपाय निघाले. वेगाप्रमाणे बदलणारं स्टेरिंग म्हणतात ते हेच.

याचं सर्वात नवलाचं उदाहरण फ्रान्सचं. 1970 ची सित्रोएन एसएम. तिचं स्टेरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत अवघे दोन फेरे. आपल्या साध्या गाडीला तीन-साडेतीन लागतात. पार्किंगमध्ये बोटाने फिरावं इतकं हलकं, आणि वेग वाढेल तसं घट्ट होत जाणारं. हात सोडला तर उभ्या गाडीतसुद्धा, इंजिन चालू असेल तर, ते आपोआप सरळ व्हायचं. पण हाताला जो जडपणा लागायचा तो रस्त्याकडून आलेला नव्हता, वेगाच्या हिशोबाने तेलाचा दाब तो तयार करत होता. चाकाखाली खड्डा असो की वाळू, हात तेवढाच शांत.

अब्बांच्या ‘मुकं’चा अर्थ मला इथे लागला. जड असणं वेगळं आणि बोलणं वेगळं. वर्गात आवाज चढवणाऱ्या शिक्षकाकडे सांगण्यासारखं असतंच असं नाही. (हे मी कुणाला उद्देशून लिहिलेलं नाही, शिक्षकखोलीत कृपया वाचू नये.)

साधं स्टेरिंग बोलतं कसं? पुढची चाकं अशा तिरकेपणाने बसवलेली असतात की चालत्या गाडीत ती स्वतःहून सरळ व्हायला बघतात. वळणावर आपण स्टेरिंग धरून ठेवतो ते या ओढीविरुद्ध. टायरची पकड चांगली असेल तर ओढ भक्कम. पावसात टायरखाली पाण्याचा थर आला, पकड सुटू लागली, की ओढ ढिली पडते आणि स्टेरिंग अचानक पोकळ लागतं. कुंभार्ली घाटात पावसाळ्यात अब्बा मध्येच पाय उचलून घ्यायचे. अम्मीने विचारलं तर म्हणायचे, “स्टेरिंग हलकं झालं.” डोळ्यांना रस्ता तसाच दिसत असायचा, पण हाताला आधी कळायचं. ज्याला आपण अंदाज म्हणतो, तो पुष्कळदा तळहातातच असतो.

आताच्या छोट्या गाड्यांत तेल नसतं, विजेची मोटर असते. ही पद्धत 1988 मध्ये जपानात सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत पहिल्यांदा आली. स्टेरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते, ती किती पिळली गेली यावरून हात किती जोर लावतोय ते मोजलं जातं. गाडीचा वेगही छोट्या संगणकाला कळतो. दोन्ही पाहून तो मोटरला सांगतो, आता इतकी मदत कर. पंप सतत फिरत नसल्याने पेट्रोल वाचतं, म्हणून ही पद्धत सगळीकडे पसरली. पण मोटर आणि तिचे दाते रस्त्याची बारीक थरथर गिळून टाकतात. पाण्यावरचा पोकळपणा यातही येतो, फक्त दबक्या आवाजात. चांगली गाडी म्हणजे हा आवाज कमीत कमी दाबणारी. काही गाड्यांत ‘स्पोर्ट’ नावाचं बटण असतं. माझ्या मते त्यातल्या पुष्कळशा फक्त जास्त जड होतात, जास्त बोलत नाहीत.

तरीही गाड्यांच्या शौकिनांशी माझं एक भांडण आहे. जुन्या स्टेरिंगची ‘मजा’ सांगणारे बहुतेक धडधाकट पुरुष असतात. आमच्या मोहल्ल्यात माझ्या वयाच्या ज्या बायका गेल्या काही वर्षांत गाडी शिकल्या, त्यांतल्या निम्म्याअधिक हलक्या स्टेरिंगमुळेच टिकल्या. मीही त्यांतली. कराडहून माहेरी यायला आता मला कुणाची सवड बघावी लागत नाही. मजा कमी झाली असेल, ती आम्हाला चालते.

अब्बांचा प्रश्न मात्र मजेचा नव्हता. मोटर त्यांच्या खांद्याचं काम करत होती, त्यामुळे दुखणं दिसेनासं झालं, आणि ते म्हणू लागले, नातवाला भेटायला कराडला मीच गाडी आणतो. आता, मोटर हाताला जोर देते. समोरच्या ट्रकच्या दिव्यात डोळे दिपले तर त्यात ती काही करत नाही, आणि पाय ब्रेकवर जायला लागणारा वेळही कमी करत नाही. हे बापाला सांगायचं कसं? मी सांगितलं ते असं, की तुमचा हात रस्ता ऐकायचा, ही गाडी तो हळू आवाजात सांगते, मग घाटात तुम्ही काय ऐकणार? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “घाट तुझा. मशीद, बाजार आणि दवाखाना माझा. अंधार पडला की दोघांचाही नाही.” डोळे तपासून घ्यायलाही तयार झाले, चष्म्याचा नंबर बदलला.

पण घाट माझ्याकडे देण्याआधी त्यांनी एक अट घातली. ईदगाहच्या मैदानात गाडी नेली, इंजिन बंद करायला लावलं, चावी तशीच चालू ठेवली. भाईजानची दोन्ही मुलं मागून ढकलत होती. मोटरची मदत गेली तरी स्टेरिंग आणि चाकांमधला लोखंडी सांधा तसाच राहतो, गाडी वळते, फक्त जोर लागतो. दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचा पायही दगडासारखा होतो. “उजवीकडे घे,” अब्बा शेजारून म्हणाले. मी दोन्ही हातांनी ओढलं. “अजून.” मी अजून ओढलं. भाच्यांना दम लागला होता. “आता डावीकडे,” अब्बा म्हणाले, “आणि पोरांनो, थांबू नका.”