दादा, यंदा बायांचा रोज वाढव

ती. दादास,


परवा फोनवर तू म्हणालास, यंदा सोयाबीन काढणीला बायांना ३०० आणि गड्यांना ५०० असा गावाचा रोज ठरलाय. आपण एकट्यानं जास्त दिला तर लोक नावं ठेवतील. तेव्हा वाद नको म्हणून मी गप्प बसले. पण ते मनातून जाईना, म्हणून लिहिते आहे.

काढणीला बाया आणि गडी शेजारी शेजारी पात धरतात. विळा तोच, ऊन तेच, सुटी तीच. बायांची पात मागं राहिलेली मी तरी पाहिली नाही. मग हे २०० रुपये कशाचे? पोती उचलायची, पंप पाठीवर घेऊन फवारायचं, ही गड्यांची कामं जड, हे मान्य. त्या कामाचा वेगळा रोज दे. पण दिवसभर वाकून खुरपणं हलकं, हे कुणी ठरवलं? खुरपणाऱ्या बाईला तर कुणी विचारलेलं नाही.

कापसाचं बघ. वेचणी किलोवर. काट्यावर जेवढा भरला तेवढे पैसे, वेचला कुणी याची चौकशी नाही. एकरावर उक्तं देतोस तेव्हाही टोळीत बाया किती हे तू मोजत नाहीस. म्हणजे काम मोजलं की बाई-बाप्याचा फरक राहत नाही. रोजावर लावलं की काम सुरू व्हायच्या आधीच माणूस बघून भाव ठरतो.

७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. ढिगाचं माप व्हायचं आणि मापावर पैसे मिळायचे. त्याच दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. दर कामाला होता; बाईचा वेगळा, बाप्याचा वेगळा असं नव्हतं. १९७६ मध्ये देशात समान वेतनाचा कायदाही झाला. कारखान्यात, कचेरीत तो थोडाफार पोचला. आपल्या बांधावर अजून आलेला नाही.

मापानं सगळं सुटतं असंही नाही, दादा. आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता. पैसे टनावर, म्हणजे मोजलेलेच. ती उसाच्या मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते. पहाटे उठून भाकरी थापते ते वेगळंच. तरी मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात. हंगामभर राबून तिच्या नावावर काही लागत नाही. ती आजारी पडली तर खाडा मात्र दोघांचा धरतात. बीड जिल्ह्यात तरण्या बायांनी गर्भपिशव्या काढून घेतल्या, त्याच्या चौकशीला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. त्यामागं या खाड्याचाही धाक होता. हे वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती.

आता सूनबाईचं. बी.एस्सी. झालेली पोर, लग्नाआधी नोकरी शोधत होती, तेव्हा ती बेरोजगारांत धरली जायची. आता तू म्हणतोस, "ती घरीच असते." सरकारी पाहणीचा माणूस आला तर तोही तेच लिहून नेईल. काम शोधणं सोडलं की बाई बेरोजगारांच्या आकड्यातूनही बाहेर पडते. आणि शोधायचं कधी? २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. हे पाच तास आधी द्यायचे, मग उरलेल्यात नोकरी बघायची.

देशातल्या १५ वर्षांवरच्या बायकांपैकी २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होत्या, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. आनंद व्हावा असा आकडा. पण त्यातल्या कितीतरी घरच्याच शेतात राबणाऱ्या आहेत. त्यांना रोज कोण देतं? वहिनीला आजवर कुणी दिला?

तेव्हा माझं मागणं ऐक. यंदा काढणीला बायांनाही ५०० दे. दहा बाया, चार दिवस धरले तर ८,००० रुपये जादा लागतील. सोयाबीनला भाव नाही आणि हे पैसे तुला जड जातील, हे मला कळतं. पण भाव पडल्याचा तोटा बायांच्या रोजातून भरून काढायचा, हे मला पटत नाही. निम्मे मी रविवारी पाठवते. गावानं नावं ठेवली तर बहिणीचा हट्ट म्हणून सांग.

मजुरीची वही सूनबाईच्या हाती दे. तिचा हिशेब पक्का आहे, आणि त्या कामाचे तिचे पैसे दर महिन्याला तिच्याच खात्यावर भर. खुरपणाच्या रोजाचं काय करायचं, ते मी दिवाळीला आले की वहिनीला मध्ये बसवून बोलू.

वहिनीस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शकू