लाल रश्शाला कुठला पास्ता?

परवा संध्याकाळी लेकीचा पुण्याहून फोन आला, दुकानातूनच. "आई, आज रूमवर सगळ्यांना आपला तो तिखट लाल पास्ता करून घालणारे. पण इथे सहा प्रकारची पाकिटं आहेत. कुठलं घेऊ?"

मी विचारलं, "खाणार कोण कोण आहे?"

"अगं, खाणाऱ्यांचा काय संबंध? सॉसला कुठलं चालेल ते सांग ना!"

"पेन्ने घे, रेघांचं," असं सांगून मी मोकळी झाले. पण फोन ठेवल्यावर वाटलं, खाणाऱ्यांचा संबंध आहेच की. मला तो ज्या दिवसांत कळला तेव्हा ही हॉस्टेलवर होती, आणि परीक्षा चालू म्हणून आम्ही तिला "आजी बरी आहे" एवढंच सांगत होतो. तेव्हा हे तिच्यासाठी. आणि सांगलीच्या मंडळींसाठीही, कारण आईनं त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली आहे याची मला खात्री आहे.

आधी पुस्तकातलं उत्तर देऊन टाकते. सॉस पातळ, तेलकट असेल तर लांब आणि बारीक पास्ता. सॉस दाट असेल, त्यात तुकडे असतील, तर आखूड, पोकळ किंवा पीळ असलेला. म्हणजे सॉस पोकळीत शिरतो, रेघांना धरून राहतो, आणि ताटलीत खाली लाल तळं साचत नाही. रोमकडे टोमॅटो, लसूण आणि सुक्या लाल मिरचीचा एक सॉस करतात. त्याचं नाव 'अराब्याता', म्हणजे रागावलेला! त्याच्या जोडीला पेन्ने. पेन्ने म्हणजे पिसाच्या लेखण्या, टोकं तशीच तिरकी कापलेली असतात म्हणून.

आमच्या घरचा सॉस नुसता रागावलेला नाही, भांडायलाच उठलेला असतो. कारण त्यात चटणी पडते. सातारा-सांगलीत चटणी म्हणजे काय हे सांगायला नको, पण बाहेरच्या मित्रमंडळींसाठी सांगते: लाल मिरची, कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे असं सगळं भाजून-कुटून केलेला कांदा-लसूण मसाला. चार माणसांना अर्धा किलो लालबुंद टोमॅटो, दहा-बारा लसूण पाकळ्या, हात जरा सैल सोडून तेल, आणि एक मोठा चमचा चटणी. चटणी नुसत्या तेलात टाकली तर करपते. टोमॅटो शिजून कडेनं तेल सुटायला लागलं की मग घालायची. वर छान कट येतो. शेवटी पास्ता शिजवलेलं पळीभर पाणी घालायचं. त्या पाण्यातल्या पिठामुळे तेल आणि रस्सा एकजीव होतात. हे पाणी ओतून टाकू नका, कळकळीची विनंती!

तर आता आई.

आई सांगलीची, गावभागातली. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. 'सौम्य' हा डॉक्टरांचा शब्द. ज्याचा हात जातो त्याला तो सौम्य वाटत नाही. बोलणं जड झालं होतं ते पंधरवड्यात बरंच सुधारलं, गिळायला त्रास नव्हता, पण उजवा हात काही ऐकेना. वहिनीची नोकरी, दादाचं दुकान, म्हणून मी तिला साताऱ्याला घेऊन आले. गाडीत पेठ नाका येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "मला भरवू नकोस हं."

झालं. तिथून चार आठवडे आमच्या घरात जेवणाची वेळ झाली की माझ्या पोटात गोळा यायचा. डाव्या हातानं जेवणं तिला मान्य नाही. सत्तर वर्षं जो हात ताटाला लावला नाही तो आता कसा लावणार? भरवून घेणं त्याहून नामंजूर. उजव्या हातात चमचा कसाबसा धरायची, पण तोंडापर्यंत नेताना तो कलायचा आणि आमटी साडीवर. भाताचा मऊ गुरगुट्या तेवढा जमायचा. तो दोन घास खाऊन "पोट भरलं" म्हणायची. भरलेलं नाही हे तिलाही माहीत आणि मलाही. वजन काट्यावर दिसत होतं.

एका रविवारी चिरंजीवांनी पास्ता केला. चटणीचा वास घरभर सुटला. आतल्या खोलीतून आवाज आला, "काय करताय रे? मला पण द्या."

चार आठवड्यांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं!

नेमकं त्या दिवशी होतं स्पॅगेटी. चमच्यातून एकेक दोरा घसरून खाली. मी कात्रीनं तुकडे करून दिले तर ताटली बाजूला सारली. "लहान पोराला देतात तसं?" मी पुढे काही बोलले नाही. मला आधी सुचायला हवं होतं.

पुढच्या रविवारी पेन्ने, पुस्तकात सांगितलेलं. नळ्या गुळगुळीत आणि गोल, चमचा जरा कलला की गडगडून खाली. एक नळी तोंडापर्यंत पोचली तर तिच्या पोटातला कढत रस्सा एकदम जिभेवर. डोळ्यांत पाणी. तिखटानं आलं असं ती म्हणाली.

मग स्क्रूसारखं फुसिली. ते चमच्यात टिकलं, पण एक तुकडा अर्धा चमच्यात, अर्धा बाहेर. शिवाय त्या पिळांत चटणी अशी बसते की एकेक घास म्हणजे नुसता ठसका. मला आवडतं. तिला झेपेना.

हे सगळं करताना मला कळलं की सॉसला कुठला आकार हे आपण विचारतो ते निम्मंच आहे. आकार ठरवतो की एका घासाला किती तिखट आणि किती गहू तोंडात येणार, आणि तो घास ताटातून तोंडापर्यंत कसा जाणार. पाकिटावर शिजवायची मिनिटं छापलेली असतात. हात कुणाचा, ते कुणी छापत नाही.

शेवटी नवऱ्यानं पुण्याहून शंखांचं पाकीट आणलं, त्यातलं सगळ्यात बारीक. प्रत्येक शंख म्हणजे एक इवलीशी वाटी. चमचा कलला तरी शंख एकमेकांत अडकून जागेवर राहतात, आणि रस्सा त्यांच्या पोटात थोडाथोडाच मावतो. आईनं पहिला चमचा उचलला. हात हलला, पण सांडलं नाही. दुसरा. तिसरा. आम्ही सगळे आपापल्या ताटात बघत होतो, मुद्दाम. निम्मी ताटली संपल्यावर म्हणाली, "आगं, हे तर नखुलेच की!"

नखुले! माझ्या डोक्यात कसं आलं नाही? आमच्या लहानपणी सांगलीला लग्नघर असलं की दुपारी बायका जमायच्या, परातीत रव्याची घट्ट मळलेली कणीक, आणि गव्हले, मालत्या, बोटवे, नखुले वळत बसायच्या. रुखवतात मांडायला आणि खिरीला. गव्हले म्हणजे बोटांच्या चिमटीत वळलेले, अगदी गव्हाच्या दाण्याएवढे. इटलीतही दाण्याच्या आकाराचा पास्ता आहे, त्याचं नाव 'ओर्झो', म्हणजे जव. आपला गहू, त्यांचा जव! नखुला म्हणजे छोटी गोळी घेऊन अंगठ्याच्या नखानं दाबून ओढायची, ती आपोआप वळते. दक्षिण इटलीत पुलियामध्ये अशीच गोळी अंगठ्यानं दाबून 'ओरेक्येत्ते' करतात, म्हणजे छोटे कान. बारी गावात बायका अजून घराच्या दारात बसून ते वळतात. त्यात अंडं नसतं, फक्त रवा आणि पाणी. रवाही ज्याला आपण बन्सी म्हणतो त्या जातीच्या कडक गव्हाचाच. इटलीत सुका पास्ता याच गव्हाचा हवा असा 1967 पासून कायदा आहे. आपल्याकडे कायदा नाही, पण शेवयांना कुठला गहू हे आईला विचारायची गरज कुणाला पडली नाही.

शेवयांचं यंत्र मात्र 2019 च्या पुरात गेलं. गावभागातलं घर पाण्यात होतं, ओसरल्यावर ते चिखलात सापडलं ते वापरण्यासारखं राहिलं नव्हतं. आईनं तेव्हा "आता कोण करतंय शेवया" म्हणून विषय संपवला होता.

त्या दिवशी जेवण झाल्यावर ती म्हणाली, "बन्सी रवा आहे का घरात?"

फिजिओथेरपीवाली मुलगी रोज येऊन रबरी चेंडू दाबायला सांगायची. आई तिच्यासमोर दोनदा दाबायची आणि ती गेली की चेंडू उशीखाली. पण कणकेची गोळी समोर ठेवली तर तासभर बसली. पहिल्या दिवशी अकरा नखुले. त्यातले चार ओळखू येण्यासारखे, बाकीचे नुसते चेपलेले. "टाकून दे," म्हणाली. टाकले नाहीत. उकळत्या पाण्यात सोडले, वर तरंगले की एक-दोन मिनिटांनी काढले, आणि लाल रश्शात घातले. बाजारच्या शंखांहून जाड, खडबडीत, आणि त्या खडबडीत अंगाला रस्सा असा चिकटलेला! फिजिओवाल्या मुलीला सांगितलं तर ती हसून म्हणाली, "मग चेंडू राहू दे, हेच करा. पण उजव्याच हातानं."

आई चार महिने राहिली. हात पूर्ण सुधारला असं नाही. भाकरी अजून मोडता येत नाही, ब्लाउजचे हूक वहिनी लावते. पण चमचा तिचा ती धरते. सांगलीला परत जायच्या आदल्या दिवशी तिनं वाटीभर नखुले वळून वर्तमानपत्रावर वाळत घातले होते. लग्नघरातल्या बायका नावं ठेवतील असेच, लहानमोठे, वाकडे. मी मोजले नाहीत. तिनं मोजले असणार.

मला अजून एक गोष्ट खुपते, ती लिहून टाकते. त्या चार आठवड्यांत मी तिच्या डाव्या हाताशी, हट्टाशी, भुकेशी भांडत होते. तिचा हट्ट सोडून आपण ताटातला पदार्थ बदलावा हे मला पोरानं केलेल्या पास्त्यामुळे सुचलं. नाही तर गुरगुट्या भातच चालू राहिला असता, आणि मी म्हटलं असतं की आई जेवतच नाही.

असो. रात्री लेकीचा पुन्हा फोन आला. पास्ता फर्मास झाला होता, चटणी जरा जास्त पडली, पण सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. "फक्त एकीच्या दाताच्या तारा आजच घट्ट केल्यात गं. तिला पेन्ने चावताच येईना. बिचारी ब्रेडनं सॉस खात बसली."

मी काही बोलले नाही.

"बरं, बरं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी आधी विचारीन."

आजीच्या नखुल्यांचा डबा फडताळात वरच्या खणात आहे. दिवाळीला आलीस की घेऊन जा. शिजायला बाजारच्या पास्त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि सगळे एकदम शिजत नाहीत. एकेक चावून बघावा लागतो.