गारगोटीचा ठोका

संगणक सुरू करताना आपले डोळे पडद्याकडे लागलेले असतात. खरी जाग त्याआधीच आलेली असते, आणि ती येते दगडाला.

मदरबोर्डवर एक छोटी चंदेरी डबी दिसते. तिच्या आत क्वार्ट्झची, म्हणजे आपल्या गारगोटीची, पातळ चकती. वीज पोचली की ती थरथरू लागते. या स्फटिकावर दाब पडला की वीज उमटते, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. विजेने तो आकसतो-पसरतो, ही त्याच गुणाची दुसरी बाजू. १९८१ च्या आयबीएम पीसीतला स्फटिक सेकंदाला १ कोटी ४३ लाख वेळा थरथरायचा आणि दर तिसऱ्या थरथरीला प्रोसेसरचा एक ठोका पडायचा. माणसाने चकती हव्या त्या जाडीची कापली. लय दगडाचीच. तिच्यापुढे हात आपोआप जोडले जातात.

प्रोसेसर जागा होतो तेव्हा त्याला काहीच आठवत नसतं. मेमरी कोरी. पण पहिलं पाऊल कुठे टाकायचं, तो पत्ता त्याच्या घडणीतच असतो. वेळासच्या वाळूतून वर आलेली कासवाची पिल्लंही अशीच, कुणी न शिकवता समुद्राकडे निघतात. त्या पीसीत हा पत्ता एक मेगाबाइटच्या टोकाच्या १६ बाइट अलीकडे होता. तिथून बायोस, म्हणजे चिपमध्ये कायम साठवलेली सुरुवातीची सूचनावली, हाती लागते. ती मेमरी, कीबोर्ड तपासते आणि डिस्कचे पहिले ५१२ बाइट उचलून आणते. हार्ड डिस्कवर त्यातले फार तर ४४६ बाइट सूचनांसाठी. देवनागरीत जेमतेम दोन-तीन वाक्यं मावतील एवढी जागा! तेवढ्यातून पुढचा, मोठा लोडर जागा होतो, तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, आणतो. लिनक्समध्ये कर्नल पहिली प्रक्रिया सुरू करतो, तिला क्रमांक १ मिळतो, आणि आपण वापरतो ते सगळे प्रोग्रॅम तिच्याच लेकी-नाती.

आज बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे, रीती बदलल्या आहेत. स्फटिक मात्र आहेच. संगणक बंद असतानाही त्यातल्या तारीख-वेळेच्या घड्याळाचा वेगळा स्फटिक बटणाएवढ्या बॅटरीवर सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरत राहतो.

यंत्रांसाठीचं क्वार्ट्झ आता कारखान्यात, पोलादी भांड्यांत प्रचंड दाबाखाली वाढवतात. त्याच जातीचे स्फटिक आपल्याकडच्या बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांतही सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला मिळतात. मुलांना संगणक शिकवत असाल, तर एकदा त्यांना तिथे घेऊन जा.