तेरड्याची गौर

भादव्यात कधी पनवेलला जाणे झाले, तर एस. टी. तून उतरल्याबरोबर पुढची गाडी पकडायची घाई करू नका. थोडे बाजाराकडे वळा. गणपती बसून दोन-तीन दिवस झालेले असतात आणि रस्त्याच्या कडेला बायका गुलाबी-जांभळ्या फुलांच्या ओल्या पेंढ्या मांडून बसलेल्या असतात. हा तेरडा. नवखा पाहुणा विचारतो, ही कसली भाजी? भाजी नव्हे, ही बाहुली आहे. संध्याकाळपर्यंत तिला साडी नेसवतील आणि ती घरची माहेरवाशीण होईल.

देशावर आपण गौरी बसवतो त्या मुखवट्यांच्या. काही घरांत पाणवठ्यावरचे खडेच गौरी म्हणून पुजतात. रायगडच्या गावांत मात्र गौर उगवते ती बांधावर.

मी ती बांधताना पाहिली पळस्प्याच्या पुढे. या गोव्याच्या रस्त्यावर आधी शिरढोण लागते, वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. मग कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. तिथे १९६८ पासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे, तेव्हा तिथला तेरडा कितीही मोहात पाडो, त्याला हात लावायचा नाही. अलीकडच्या एका गावात ओळखीच्या आजींकडे मी उतरले होते.

पहाटेच आम्ही बांधावर गेलो. तेरड्याचे देठ पाण्याने भरलेले, झटका दिला की कटकन मोडते. मातीलगत धरून हळू वर ओढायचे, म्हणजे मुळे शाबूत येतात. आजी एका जागची सगळी रोपे घेत नव्हत्या. चार उपटली की दोन ठेवीत होत्या, आणि ठेवीत होत्या त्याही चांगली शेंगा धरलेली. मला वाटले म्हातारपणी नजर चुकत असेल. विचारल्यावर म्हणाल्या, सगळी उपटली तर पुढल्या साली गौर कुठून आणू?

घरी येऊन पेंढी धुतली. मुळे लांब, चिखलाची, बांधायला अडचणीची. मी आपली शहाणपणाने म्हटले, ही छाटून टाकू का? आजी हसल्या. "पाय नसलं त गवर घरान येल कशी, बाय?"

इकडे मुळे म्हणजेच गौरीची पावले. उंबऱ्यातून ती आत येते ती या पावलांनी. त्यांना हळदकुंकू लागते.

पंधरा-वीस रोपे उंचीने जुळवून केळीच्या सोपाच्या ओल्या पट्टीने दोन जागी बांधली, कमरेला आणि मानेला. सुतळी वापरत नाहीत, ती देठात रुतते. खांद्यांसाठी बांबूची एक काठी आडवी घातली, मुळांना ओले फडके गुंडाळले. वर रंगवलेला मुखवटा. साडीच्या निऱ्या काही केल्या बसेनात, कारण देठ गुळगुळीत. सूनबाईंनी तीनदा सोडून नेसवली. चौथ्यांदा मात्र अशी बसली, की पदराआडून गुलाबी फुले डोकावू लागली आणि घरातले पुरुषसुद्धा दारात येऊन उभे राहिले.

उरलेल्या तुकड्यांवर नातीचा हक्क. देठाचे अंग, पेंढ्याचे हात आणि उलटे फूल म्हणजे परकर. तेरड्याच्या फुलाला मागे शेपटीसारखी बारीक नळी असते, ती तिने दुसऱ्या बाहुलीची वेणी ठरवली. तासाभरात पाटावर बाहुल्यांची रांग झाली. दुकानातली बाहुली त्या घरात होती, पण ती कोपऱ्यातच पडून राहिली.

गौरी येतात अनुराधा नक्षत्रावर, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतो तो हाच हिशोब. दुसऱ्या दिवशी सुपे भरून ओवसा झाला, रात्री फेर धरून नाच झाला. नाच थांबल्यावर आजी ओट्यावर येऊन बसल्या आणि माहेराविषयी बोलू लागल्या.

त्यांचे माहेर उलव्याकडचे. तिथली टेकडी पावसात तेरड्याने भरून जायची. नव्या विमानतळासाठी ती टेकडी कापली गेली आणि दहा गावे उठून दुसरीकडे बसली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. भावाचे घर आता नव्या वसाहतीत आहे, पक्के, दोन मजली. पण दाराशी सिमेंट. पहिल्या साली भावजयीने बाजारातून पेंढी आणली. विकणारीने मुळे छाटलेली होती. आजी तेव्हा तिथेच होत्या. "बिनपायाची गवर," एवढेच त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ गप्प बसल्या.

पुढल्या पावसाच्या आधी त्या बी घेऊन भावाकडे गेल्या. पत्र्याचे जुने डबे खालून भोके पाडून घेतले, माती आणि शेणखत भरले, पहिल्या पावसाला बी वर वर टाकले. तेरडा दोन-सव्वादोन महिन्यांत फुलावर येतो. त्या वर्षी भावजयीने गच्चीवरून गौर खाली आणली, पायांसकट.

बी धरायचे तर नवरात्राच्या सुमारास बांधावर जा. शेंग फुगून पिवळसर झाली की मूठभर धरूनच खुडा. नुसते बोट लावाल तर फटकन फुटून दाणे बांधभर उडतील. दाणे सावलीत सुकवून कागदात ठेवावेत.

निघताना आजींनी माझ्या पिशवीत जुन्या वर्तमानपत्राची एक पुडी टाकली. गेल्या वर्षीचे बी होते. "डब्यातपन येतंय," म्हणाल्या.