मेस्त्रीकाकांचं पाणी

पोलादातलं मला जे काही कळतं, त्यातलं निम्मं कुडाळजवळच्या एका लोहारसाळीतलं आहे. तिथल्या लोहाराला सगळा गाव मेस्त्रीकाका म्हणायचा. दहावीनंतर डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता, पण फीचे पैसे नव्हते. वडील लोकांच्या माडांवर चढणारे. शेत नाही, त्यामुळे लोहाराला बलुत्याचं भात घालायची सोयही नाही. तरी वडिलांचा कोयता मेस्त्रीकाका वर्षानुवर्षं पाजवून देत आले होते. त्या सुट्टीत त्यांच्याकडे घण मारणारा गडी मुंबईला निघून गेला आणि घरी निरोप आला, "झिलाक माझ्याकडे धाड."

मोठा कोयता घडवायचा तर ते ट्रकचा मोडका कमानपाटा घेत. साधी सळई स्वस्त, पण तिच्यात कार्बन जेमतेम. कितीही तापवून बुडवा, धार धरत नाही. पाट्यात तो ०.६ टक्क्याच्या आसपास असतो. हा आकडा मला पुढे पुस्तकात भेटला. काकांना पाटा कोयत्याला चालतो एवढं पक्कं ठाऊक होतं. छन्नीने तोडलेला तुकडा लाकडी कोळशात नारिंगी झाला की सांडशीने ऐरणीवर यायचा. ते हातोडीने जागा दाखवत, मी तिथे घण घालायचा. "लाल आसा तवसर मार, काळा पडला काय थांब. आणि घण मारूचो नाय, सोडूचो." थंड पडत चाललेल्या पोलादावर घाव घातले तर आत चीर जाते, ती धार लावतानाच दिसते.

खरी विद्या पुढे होती. पाणी द्यायचं म्हणायचे, पण डब्यात असायचं गॅरेजमधलं जळकं तेल. पाट्याला साधं पाणी सोसत नाही, तडकतो. पात्याची फक्त धारेची बाजू तेलात धरायची, पाठ बाहेर. लगेच वर काढून दगडाने धारेजवळची काळी खपली घासायची आणि उघड्या पडलेल्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवायची. पाठीतली धग धारेकडे सरकते तसे रंग चढतात: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. तपकिरीत जांभळ्याची छटा आली की कोयता पुन्हा डब्यात. पिवळ्यावर थांबवला तर धार टवके टाकते, निळा होऊ दिला तर मऊ पडते. डिप्लोमाच्या पुस्तकात याचा तक्ता निघाला, पिवळ्याला साधारण २२५ अंश सेल्सिअस, निळ्याला ३००. वर्गातली मुलं तो पाठ करत होती. मला त्यातला प्रत्येक रंग आधीच ओळखीचा होता.

पातं चकचकीत करू या, असं मी एकदा सुचवलं. "तोंड बघूक आरसो घे, कोयतो कित्याक?" धारेपुरती कानस फिरवायची, बाकी पात्यावर भट्टीचा काळेपणा आणि हातोडीचे ठसे तसेच. घासायची मजुरी वाचते आणि काळी खपली गंजही थोडा लांब ठेवते. हल्ली अशाच रांगड्या पात्याच्या सुऱ्या शोभेच्या म्हणून महाग विकतात. काकांचा रांगडेपणा हिशेबातून आला होता, म्हणून मला तो अस्सल वाटतो.

मजुरी ते दर बाजाराच्या दिवशी हातावर ठेवत. तरीही फीला जे कमी पडलं, ते त्यांनी घातलं. पुण्याजवळ भोसरीत नोकरी लागल्यावर ते पैसे परत द्यायला गेलो, तर घेतले नाहीत. "पुण्याची चांगली कानस गावता काय बघ," म्हणाले. तेव्हापासून दर चतुर्थीला एक कानस नेत गेलो. ती अंगठ्याने चाचपून ते म्हणायचे, "ह्या तुझा बलुता."

काका गेले, त्यांची साळ बंद झाली. पण कोकणातल्या आठवडी बाजारात हातघडीचा कोयता अजून मिळतो. घ्याल तेव्हा पात्याच्या काळेपणावरून भाव पाडू नका.